घोरणे म्हणजे गाढ झोप नव्हे! ‘सीपॅप’ यंत्र नेमके काय करते?

हिंगोली : ‘दिवसभर राबला, म्हणून एवढा घोरतोय,’ असे घरोघरी म्हटले जाते. मात्र घोरणारा माणूस मध्येच काही सेकंद गप्प होत असेल आणि मग गुदमरल्यासारखा दचकून श्वास घेत असेल, तर तो ‘स्लीप अ‍ॅप्निया’ असू शकतो. संगीतकार बप्पी लाहिरी यांचे १५ फेब्रुवारी २०२२ रोजी मुंबईत निधन झाले, तेव्हा डॉक्टरांनी सांगितलेल्या कारणांत याच आजाराचे नाव होते.

झोपेत काय होते?
घशाचे स्नायू सैल पडतात, जीभ मागे सरकते आणि श्वासाची वाट बंद होते. रक्तातील ऑक्सिजन घटतो, मेंदू दचकून जागा होतो. सकाळी रुग्णाला यातले काहीच आठवत नाही. जाणवते ते जड डोके, दिवसभराची पेंग आणि गोळ्या घेऊनही न उतरणारा रक्तदाब. दुचाकी किंवा ट्रॅक्टर चालवताना ही पेंग जिवावर बेतू शकते.

किती गंभीर?
झोप-तपासणीत श्वास किमान १० सेकंद थांबल्याच्या किंवा मंदावल्याच्या वेळा मोजतात.
• तासाला ५ ते १४ : सौम्य
• १५ ते २९ : मध्यम
• ३० किंवा अधिक : तीव्र

यंत्र ऑक्सिजन देते का?
नाही. ‘सीपॅप’ खोलीतलीच हवा ठराविक दाबाने मास्कमधून आत सोडते. त्या दाबाने घसा मिटत नाही. ऑस्ट्रेलियातील डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ मध्ये हा उपचार जगापुढे मांडला. यंत्र चष्म्यासारखे आहे; लावले तोवरच उपयोग. दाब किती ठेवायचा, हे डॉक्टरच ठरवतात.

रात्री वीज गेली तर?
खेड्यांतला हा खरा प्रश्न. मास्कला हवा बाहेर जाण्यासाठी छिद्रे असतात. तरीही यंत्र बंद पडल्यास मास्क काढावा. घरी इन्व्हर्टर असेल, तर त्यावर यंत्र किती वेळ चालेल, हे खरेदीपूर्वीच विचारावे. हवा दमट करणारा हीटर बंद ठेवल्यास वीज बरीच कमी लागते.

रात्रपाळीच्या विजेवर पिकाला पाणी देऊन पहाटे किंवा दुपारी झोपणाऱ्यांनी त्या झोपेतही यंत्र लावावे. आजार रात्रीचा नव्हे, झोपेचा आहे.

हे लक्षात ठेवा
• सुरुवातीला मास्क नकोसा वाटतो. जागेपणी थोडा वेळ लावून सवय करावी.
• रोज किमान ४ तास वापर हवा. पूर्ण झोपभर उत्तम.
• हवा गळत असेल, तर मास्कचे माप बदलून घ्यावे.
• यंत्रात डिस्टिल्ड वॉटर वापरावे, बोअरचे पाणी नको.
• वजन घटवावे, दारू टाळावी, कुशीवर झोपावे.

आधी कुठे दाखवावे?
कान-नाक-घसा किंवा छातीविकार तज्ज्ञांना. हिंगोलीत २०२४ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले आहे. नांदेडच्या विष्णुपुरीतही शासकीय महाविद्यालय आहे. झोप-तपासणी कुठे होते, याची चौकशी तेथे करता येईल.

जाण्याआधी घरच्यांनी एक काम करावे : घोरण्याचा आणि थांबलेल्या श्वासाचा मोबाइलवर व्हिडिओ काढून डॉक्टरांना दाखवावा. कारण हा आजार रुग्णाच्या आधी शेजारी झोपलेल्याला कळतो.