क्लचला तेलाचं वावडं नाही

पावसाळ्याच्या तोंडावर पुण्याचा एक तरुण आजोबांची १९७४ सालची बुलेट घेऊन लोणावळ्याला माझ्याकडे आला. तक्रार नेहमीची होती. खोपोलीहून बोरघाट चढताना इंजिन ओरडतं, पण गाडी ओढत नाही, म्हणजे क्लच स्लिप. डाव्या बाजूचं चेनकेस उघडलं, तर आत तेलाचा थेंब नव्हता. प्रायमरी चेनवर विटकरी गंज चढला होता, काही कड्या बोटाने वाकवल्या तरी वाकत नव्हत्या आणि तळाशी तपकिरीसारखी भुकटी साचली होती. मी तेलाचा डबा उचलला तसा तो घाईने म्हणाला, "काका, ऑइल नका टाकू. प्लेटला ऑइल लागलं की क्लच स्लिप होतो. मेकॅनिकने मुद्दाम काढून टाकलंय."

हे वाक्य मी कामशेतच्या चहाच्या टपरीवर ऐकलं आहे, तळेगावच्या गॅरेजात ऐकलं आहे, आणि घाटात बंद पडलेल्या गाडीशेजारी उभं राहून तर कितीदा ऐकलं आहे. सांगणारा प्रत्येक जण खात्रीने सांगतो. त्या खात्रीपायी चांगल्या चेनी, स्प्रॉकेट आणि बेअरिंगं फुकट जातात, म्हणून एकदा सविस्तर लिहितो.

गैरसमज : चेनकेसमध्ये तेल असलं की क्लच स्लिप होतो

वस्तुस्थिती : जुन्या बुलेटचा क्लच तेलात चालण्यासाठीच बनवलेला आहे. इंजिनाची ताकद गिअरबॉक्सपर्यंत नेणारी दुपदरी चेन आणि क्लच एकाच बंद डब्यात बसतात. त्या डब्यात तेल घालायला बूच आहे, पातळी पाहायला वेगळा स्क्रू आहे आणि गाडीच्या माहितीपुस्तकात तेल तपासायची सूचना आहे. तेल नको असतं, तर हे सगळं कशासाठी केलं असतं?

तरी मनात शंका राहते, कारण तर्क वरवर बरोबर वाटतो. तेलाने घसरतं, हे आपण स्वयंपाकघरापासून शिकलेलो असतो. तेलात घर्षण कमी होतं हे खरंच आहे. कोरड्या क्लचचा घर्षणांक ढोबळमानाने ०.३ च्या आसपास धरतात, तेलातल्या क्लचचा ०.१ च्या आसपास. पण हा हिशेब क्लच आखणाऱ्यांनीही केला होता. क्लच किती ताकद पेलतो हे चार गोष्टींवर ठरतं : घर्षण, स्प्रिंगचा दाब, प्लेटची त्रिज्या आणि एकमेकांना भिडणाऱ्या पृष्ठभागांची संख्या. घर्षण कमी पडतं तिथे पृष्ठभाग वाढवतात. कोरड्या क्लचच्या मोटारीत साधारणपणे एकच घर्षण-प्लेट असते. बुलेटमध्ये अस्तराच्या आणि साध्या पोलादी प्लेटांची एकाआड एक चवडच लावलेली असते. ती एवढ्याचसाठी.

तेल तिथे काम करतं. हाफ क्लचवर प्लेटा एकमेकींवर घासतात तेव्हा तयार होणारी उष्णता ते वाहून नेतं. क्लच पूर्ण सोडला की स्प्रिंगच्या दाबाने प्लेटांमधलं तेल पिळून बाहेर पडतं आणि पकड बसते. चाकणला बनणाऱ्या पल्सरचा क्लच तर थेट इंजिन ऑइलमध्ये चालतो. तिचं ऑइल काढून टाका असं कोणी सांगत नाही. मग बुलेटलाच हा नियम का?

एक अपवाद प्रामाणिकपणे सांगितला पाहिजे. काही जुन्या ब्रिटिश गाड्यांचा क्लच खरोखर कोरडा असतो. दुसऱ्या महायुद्धातल्या बीएसए एम-२० मध्ये प्लेटा एका झाकणबंद ड्रममध्ये असतात. त्या झाकणाचं पॅकिंग गेलं आणि तेल आत शिरलं, तर तो क्लच स्लिप होतो. त्या गाडीपुरता हा सल्ला योग्य आहे, पण तिच्याही चेनकेसमध्ये तेल असतंच. क्लचची प्लेट कोरडी असली तरी चेन तेलातच फिरते. म्हणजे 'चेनकेस कोरडं ठेवा' हा सल्ला बुलेटलाही लागू नाही आणि एम-२० लाही नाही.

मग स्लिप होतो कशाने?

या बुलेटमध्ये दोष केबलच्या सेटिंगमध्ये निघाला. हँडलवरच्या लिव्हरला ढिलाईच नव्हती. क्लचचा सळईसारखा रॉड गिअरबॉक्सच्या पोकळ शाफ्टमधून आरपार जातो आणि प्रेशर प्लेटला आतून बाहेर ढकलतो. केबल ताठ असेल, तर तुम्ही लिव्हरला हात न लावताही रॉड प्रेशर प्लेटला थोडा रेटत राहतो, आणि स्प्रिंगचा पूर्ण दाब प्लेटांवर येतच नाही.

बहुतेकांना उलटी वाटणारी गोष्ट इथेच आहे. केबल ताणली की ढिलाई वाढते. क्लच प्लेट झिजली की मात्र ढिलाई कमी होते. प्लेटांची चवड पातळ होते, प्रेशर प्लेट आत सरकते आणि रॉडला मागे रेटते. म्हणजे झिजत्या क्लचला केबल सैल करावी लागते. आपल्याकडे मात्र 'क्लच लगेच उचलला पाहिजे' म्हणून ती आणखी आवळतात. गावातल्या रस्त्यावर हे कळत नाही. खोपोली ते लोणावळा पाचशे मीटरांहून जास्त चढ आहे. शिंग्रोबाच्या देवळाजवळच्या वळणांवर पहिला-दुसरा गिअर, मागे बसलेला माणूस, सामान, हाफ क्लच. सगळं तापतं, उरलीसुरली ढिलाई संपते आणि इंजिन ओरडायला लागतं. मग दोष तेलाच्या माथी मारला जातो.

उपाय दोन मिनिटांचा आहे. लिव्हरजवळ केबलला दोन-तीन मिलिमीटर ढिलाई ठेवा. तिथला अॅडजस्टर पुरला नाही, तर उजव्या बाजूला गिअरबॉक्सच्या झाकणामागे रॉडचा स्क्रू आणि लॉकनट आहे. आधी तो जुळवा, मग केबल.

तेलामुळे स्लिप होण्याची दोन खरी कारणंही आहेत. एक, चुकीचं तेल. मोटारीच्या काही इंजिन ऑइलमध्ये इंधन वाचवण्यासाठी घर्षण कमी करणारी रसायनं घालतात, ती या क्लचला मानवत नाहीत. डब्यावर 'जासो एमए' लिहिलेलं आहे का ते पाहा. मोटारसायकलच्या तेलासाठी जपानमध्ये १९९८ साली ठरलेलं हे मानक आहे आणि 'एमए' म्हणजे ओल्या क्लचला हवं तेवढं घर्षण राखणारं तेल. दुसरं, जास्तीचं तेल. क्रँकशाफ्टच्या डाव्या बाजूचं सील गेलं की इंजिनातलं तेल चेनकेसमध्ये येतं आणि पातळी वाढत जाते. तेव्हा सील बदलायचं. चेनकेस उपाशी ठेवून सील दुरुस्त होत नाही.

प्लेटा पेट्रोलने धुतल्यावर स्लिप थांबला, हा पुरावा मला नेहमी ऐकवला जातो. थांबतो, पण थोडेच दिवस. मूळ कारण तिथेच असतं. मधल्या काळात चेन कोरडी धावते, तिच्या झिजेची भुकटी प्लेटांत जाते आणि पुढचा क्लच आणखी लवकर संपतो.

जोडणी करताना

नवी चेन अखंड असते, तिला सुटी कडी नसते. म्हणून चेन, इंजिनाचं स्प्रॉकेट आणि क्लचचा ड्रम एकत्र धरून दोन्ही शाफ्टांवर एकदम सरकवावे लागतात. एकट्याने करताना हात अपुरे पडतात, म्हणून त्या मुलाला मी समोर बसवलं.

अस्तराच्या प्लेटा आदल्या रात्रीच तेलात भिजत ठेवल्या होत्या. कोरडी प्लेट बसवून वरून तेल ओतलं, तर पहिल्या काही किलोमीटरांत ती विनाकारण जळते. पोलादी प्लेटा एकेक करून खिडकीच्या काचेवर ठेवून पाहिल्या. एक प्लेट कडेला दाबताच टकटक डुलली. ती वाकलेली होती, बदलली. मग प्लेटा काढल्या त्याच क्रमाने चवड लावली आणि शाफ्टच्या तोंडात क्लचचं छोटं पॅड ठेवलं. हे पॅड विसरलं, तर सगळं जोडून झाल्यावर लिव्हर दाबला तरी क्लच सुटत नाही आणि पुन्हा सगळं उघडावं लागतं.

कव्हर लावण्याआधी मुलाला लिव्हर दाबायला सांगितला आणि मी किक हळूहळू फिरवली. प्रेशर प्लेट सगळ्या बाजूंनी सारखी उचलली जाते का, हे डोळ्यांनी पाहता येतं. एका बाजूने तिरकी उचलली, तर क्लच सुटताना अडकतो आणि गिअर टाकताना खडखडतो. अल्टरनेटर याच डब्यात असल्याने त्याचा रोटर आणि कॉइल यांच्यात फीलर गेज गोल फिरवून सगळीकडे सारखी फट आहे ना, तेही पाहिलं.

बाकीचे गैरसमज, थोडक्यात

"स्प्रिंग आणखी आवळा, स्लिप थांबेल." या क्लचचे तीन स्क्रू पूर्ण बसेपर्यंतच घ्यायचे असतात, दाब आतल्या नळ्यांच्या लांबीने ठरतो. खाली वायसर टाकून दाब वाढवला, तर लिव्हर जड होतो आणि केबल तुटते.

"प्रायमरी चेन जितकी टाइट, तितकी चांगली." वरच्या बाजूला मधोमध सुमारे ६ मिलिमीटर हालचाल हवी. चेन सगळीकडे सारखी झिजत नाही, म्हणून इंजिन फिरवत तीन-चार ठिकाणी मोजा आणि सर्वांत ताठ जागेवर जुळवा. ताठ चेन गिअरबॉक्सचं बेअरिंग खाते.

"कव्हर गळतंय, नट आणखी आवळा." अख्खं कव्हर मधल्या एकाच नटावर बसतं. जास्त आवळलं की ते वाकतं आणि गळती वाढते. कडेची रबरी रिंग बदला, तिची खाच स्वच्छ करा.

"क्लचचा नट छिन्नी-हातोडीने सुटतो." सुटतो, पण कडा मोडून. ड्रम अडकवून धरायचं साधन आणि योग्य मापाचा सॉकेट वापरा.

"जितकं जाड तेल, तितकं चांगलं." जाड तेलाने प्लेटा चिकटतात, गाडी गिअरमध्ये ओढत राहते. रात्रभर उभ्या गाडीचा क्लच सकाळी चिकटतोच. लिव्हर दाबून दोन-तीन किका मारा, प्लेटा सुटतात, मग इंजिन सुरू करा.

"घाट उतरताना क्लच दाबून ठेवला की पेट्रोल वाचतं." वाचतं ते थेंबभर, जातो तो इंजिनाचा अख्खा ब्रेक. जुन्या बुलेटच्या ड्रम ब्रेकवर, भिजलेल्या बोरघाटात, हा सौदा कोणीही करू नये. ज्या गिअरमध्ये चढ चढता, त्याच गिअरमध्ये उतरा.

"बुलेट ब्रिटिश नाही, मद्रासची आहे." ती दोन्हीकडची आहे. आराखडा इंग्लंडमधल्या रेडिचचा. १९५५ साली मद्रासला एन्फिल्ड इंडिया सुरू झाली, आणि इंग्लंडमध्ये उत्पादन थांबल्यावरही तीच रचना आपल्याकडे चालू राहिली. म्हणून जुन्या ब्रिटिश गाडीचा हा धडा गिरवायला आपल्याला इंग्लंडला जावं लागत नाही.

जोडणी झाल्यावर गाडी सपाट जागी मधल्या स्टँडवर सरळ उभी केली, पातळीचा स्क्रू काढला आणि तिथून थेंब यायला लागेपर्यंत तेल घातलं. मुलगा त्या स्क्रूकडेच पाहत होता. दुसऱ्या दिवशी तो खोपोलीला उतरला आणि मित्राला मागे बसवून परत वर आला. क्लच कुठेही स्लिप झाला नव्हता. गाडी थंड झाल्यावर त्याने बूच काढून आत टॉर्च मारला. चेन तेलाने चमकत होती.

"पुन्हा कधी बघू, काका?" त्याने विचारलं.

पाऊस सुरू व्हायच्या आधी आणि पाऊस संपल्यावर, असं मी सांगितलं. लोणावळ्याच्या दमट हवेत चेनकेसमध्ये पाणी साचतं आणि तेल दुधाळ होतं. तसं दिसलं की लगेच बदलायचं. त्याने ते फोनमध्ये लिहून घेतलं. मग गंजलेली जुनी चेन फडक्यात गुंडाळली. ज्याने तेल काढायला सांगितलं होतं, त्याला ती नेऊन दाखवणार होता.