हेम्प लावू का? आधी मॉन्सन यांची गोष्ट ऐका



“सर, हेम्प लावू का? भाव चांगला आहे म्हणतात.” हा प्रश्न हल्ली सारखा येतो. उत्तराआधी अमेरिकेतल्या डेव्हिड मॉन्सन यांच्याकडे बघू.

नॉर्थ डकोटातले, कॅनडाच्या सीमेजवळचे हे जुने शेतकरी. जोडीला शाळेची नोकरी आणि १९९३ पासून आमदारकी. १९९०च्या दशकात तिथल्या गहू-बार्लीच्या कणसांवर बुरशीरोग आला आणि शेतकरी अडचणीत आले. तेवढ्यात १९९८ मध्ये सीमेपलीकडे कॅनडाने हेम्पला परवानगी दिली. हेम्प ही भांगेचीच जात, पण नशेचा घटक नगण्य. बी खायला, धागा कापडाला. (आपली अंबाडी वेगळी, घोळ करू नका.)

मॉन्सन यांनी विधानसभेत जोर लावला, १९९९ मध्ये राज्याचा कायदा झाला. बोटांचे ठसे, चारित्र्य पडताळणी, सगळं करून २००७ मध्ये परवाना हातात आला. पण केंद्राच्या अमली पदार्थ विभागाचीही नोंदणी लागत होती. ती काही मिळाली नाही. हंगाम कागदासाठी थांबतो का? ते कोर्टात गेले, २००९ मध्ये अपीलही हरले. देशभर हेम्प मोकळं झालं ते थेट २०१८च्या कायद्याने!

मी स्वतः दुकानाचा एक परवाना आल्याच्या आनंदात गाळा घेऊन बसलो होतो. दुसरा यायला तीन महिने लागले. भाडं मात्र चालूच.

बरं, कायदा झाल्यावर सगळ्यांचं भलं झालं का? २०१९ मध्ये तिथे ५ लाख एकरांहून जास्त जमिनीसाठी परवाने निघाले. बहुतेकांचा डोळा सीबीडी तेलावर. माल आला, तेवढं गिऱ्हाईकच नव्हतं, भाव कोसळले. २०२२ मध्ये उघड्या शेतातली लागवड उरली जेमतेम २८ हजार एकर. कांदा करणाऱ्याला हे वेगळं समजवायला नको.

आपल्याकडे १९८५च्या एनडीपीएस कायद्यात धागा आणि बियांसाठी लागवडीला सरकार परवानगी देऊ शकतं. उत्तराखंडने २०१८ मध्ये सुरुवात केली. पण बियाणं ऑनलाइन मिळालं म्हणून परवानगीशिवाय लावलंत तर तो गुन्हाच. याउलट हेम्पचं बी, तेल, पीठ खाद्यपदार्थ म्हणून विकायला एफएसएसएआयने २०२१ मध्ये मान्यता दिली आहे. म्हणून मी म्हणतो, शेताऐवजी दुकानाकडून सुरू करा. फूड लायसन्स काढा, परवानाधारक उत्पादकाकडून थोडी तयार पाकिटं आणा, आणि महिनाभर वहीत लिहा: पहिलं पाकीट नेणारं गिऱ्हाईक दुसरं न्यायला आलं का?