राख सांगते गाळाचे वय

चुलीतली राख आपण भांडी घासायला घेतो. पण राखेवरून तळ्यातल्या गाळाचे वय कळते, हे तुम्हांला ठाऊक आहे काय? ते मी सांगतो.

पृथ्वीच्या उत्तर टोकाकडच्या प्रदेशाला आर्क्टिक म्हणतात. तिथे फार थंडी. तळी वर्षातले बरेच महिने गोठलेली असतात. उन्हाळ्यात बर्फ वितळले की ओढ्यांतून माती येते व तळाशी बसते. असे थरावर थर साचतात. आपल्या पाझर तलावाचा गाळ खणतात ना, तेव्हा कडेला असेच थर दिसतात. खालचा थर जुना, वरचा नवा.

गाळात शेवाळ व फुलांचे पराग सापडतात. त्यांवरून पूर्वी थंडी होती की ऊब होती ते समजते. आज आर्क्टिक फार वेगाने तापत आहे. पूर्वी असे कधी झाले होते, हे कळायला थराचे साल पाहिजे. साल चुकले की सगळा हिशोब चुकला!

पाने, काड्या सापडल्या तर त्यांतल्या कार्बनवरून वय काढतात. पण तिथे झाडे फार कमी. शिवाय गोठलेल्या जमिनीतला जुना पाला नव्या गाळात वाहून येतो. जुन्या वाड्याची वीट नव्या घराला लावली तर घर जुने होते का? नाही ना! तसेच हे. इथे राख मदतीला येते.

आइसलँड देशात पुष्कळ ज्वालामुखी आहेत. स्फोट झाला की राख वाऱ्याने लांब जाते आणि थोड्याच दिवसांत खाली पडते. १८७५ साली आस्क्या ज्वालामुखीची राख समुद्रापलीकडे नॉर्वे व स्वीडनपर्यंत गेली. आइसलँडच्या पूर्व भागातली शेते राखेने झाकली. बिचारे पुष्कळ लोक गाव सोडून अमेरिका खंडात गेले.

ही राख म्हणजे काचेचे बारीक कण. नुसत्या डोळ्यांना बहुधा दिसतच नाहीत. शास्त्रज्ञ गोठलेल्या तळ्यावर उभे राहतात, बर्फाला भोक पाडतात आणि लांब नळी गाळात घुसवून वर काढतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली कण शोधतात. काचेत सिलिका, लोह वगैरे किती आहे ते मोजतात. त्यावरून ती कोणत्या ज्वालामुखीची ते ओळखतात. स्फोटाचे साल जुन्या लिखाणातून मिळते. हेक्ला ज्वालामुखीचा ११०४ सालचा स्फोट असाच ठाऊक आहे. त्याहून जुने असेल तर ग्रीनलँडच्या बर्फाचे वार्षिक थर मोजतात.

आता एक गणित. समजा, २०२५ साली काढलेल्या गाळात १८७५ ची राख १५ सेंटिमीटर खोल सापडली. वर्षे झाली १५०. म्हणजे सरासरी दर वर्षी १ मिलिमीटर गाळ साचला.

कातला ज्वालामुखीची सुमारे १२,००० वर्षांपूर्वीची राख नॉर्वेच्या तळ्यांत सापडते आणि ग्रीनलँडच्या बर्फातही. दोन्हीकडे तो थर एकाच काळाचा. म्हणून दूरदूरचे गाळ एकमेकांशी जुळवता येतात.

सिगुर्दुर थोरारिन्सन या आइसलँडच्या शास्त्रज्ञाने १९४४ साली अशा राखेला ‘टेफ्रा’ नाव दिले. ग्रीक भाषेत त्याचा अर्थ राख.

आपल्या पुणे जिल्ह्यातही कुकडी नदीकाठी बोरी गावाजवळ ज्वालामुखीची राख सापडली आहे. ती सुमात्रा बेटावरच्या टोबाची. पण टोबाच्या कोणत्या स्फोटाची, यावर शास्त्रज्ञांत वाद झाला आहे.

तेव्हा मित्रांनो, नदीकाठी किंवा विहीर खणताना मातीचे थर दिसले तर थांबून नीट बघा. सर्वांत खालचा थर सर्वांत जुना!

— इयत्ता ४ थी