बोट गेली, हमी राहिली

सरकारी बँकेच्या फॉरेक्स शाखेत मी नऊ वर्षं निर्यातीची बिलं तपासली. इचलकरंजीकडचं किती सूत त्या काळात बांगलादेशात गेलं असेल कोण जाणे. मी सुताचा एक कोनही हातात घेतला नाही. घ्यायचाही नसतो. एलसी म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेली पैशांची हमी; तिचे जगभर चालणारे नियम म्हणजे यूसीपी ६००, २००७पासून लागू. त्यातलं पाचवं कलमच सांगतं : बँकेचा संबंध कागदांशी, मालाशी नाही.

डावीकडे एलसीचा प्रिंटआउट, उजवीकडे पार्टीचा गठ्ठा : इन्व्हॉइस, पॅकिंग लिस्ट, बिल ऑफ लेडिंग. ओळीखाली पट्टी धरायची, हातात पेन्सिल. एलसीच्या ४५ए रकान्यामध्ये मालाचं वर्णन, ४६एमध्ये लागणारे कागद, ४४सीमध्ये माल चढवायची शेवटची तारीख. तपासायला मुदत कामकाजाचे पाच दिवस.

एकदा ४४सीमध्ये १५ तारीख होती आणि बिल ऑफ लेडिंगवर ‘ऑन बोर्ड’चा शिक्का १६चा. गिरणीचे मॅनेजर म्हणाले, “साहेब, एका दिवसाचं काय घेऊन बसलात? बोट तर गेली!” बोट गेली होती, हमी मात्र धक्क्यावरच राहिली होती. एलसी उघडणारी बँक आता पैसे द्यायला बांधील नव्हती; सगळं खरेदीदाराच्या मर्जीवर. तोवर सुताचे भाव उतरलेले. त्याने सूट मागितली, गिरणीने मुकाट्याने दिली. डिस्क्रिपन्सी फीचे डॉलर कापले गेले ते वेगळेच. तरी हा नियम मला कधी जाचक वाटला नाही. सूत पारखायची अक्कल आमच्यापैकी कोणाला होती?

पण कागदही खोटा निघू शकतो. २०१८मध्ये मुंबईच्या ब्रॅडी हाऊस शाखेतला पंजाब नॅशनल बँकेचा घोटाळा बाहेर आला. एलओयूचे, म्हणजे आयातदाराच्या कर्जासाठी बँकेने द्यायच्या हमीपत्रांचे, संदेश सीबीएसमध्ये, म्हणजे बँकेच्या मुख्य संगणकप्रणालीत, नोंद न करताच स्विफ्ट या बँकांच्या संदेशजाळ्यावरून गेले होते, आणि ते पाहून भारतीय बँकांच्याच परदेशी शाखांनी डॉलर दिले होते. बातमी वाचून आम्ही एकमेकांकडे पाहिलं. आमचंही स्विफ्ट वेगळ्या केबिनमध्ये, सीबीएसला न जोडलेलं. संदेश हाताने टाइप व्हायचे.

१३ मार्चला रिझर्व्ह बँकेने एलओयू बंद केले. स्विफ्टही सीबीएसला जोडून घ्यावं लागलं. त्या केबिनमध्ये आता स्टेशनरी ठेवतात.