कप लपवू नका, उकळा

परवा बचत गटाची बैठक संपल्यावर एक नवी सून मागं रेंगाळली. "काकू, जरा बोलायचं होतं." पाळीचा कप वापरते, पण हल्ली खाज येते, वास येतो. ठेवतेस कुठं, विचारलं. तर सासूबाईंना दिसू नये म्हणून ओलाच, प्लास्टिकच्या पिशवीत, साड्यांच्या खाली! भांडं मागायची लाज, म्हणून उकळणंही नाही.

आधी तिला डॉक्टरीणबाईंना दाखवलं. मग माझं एक जुनं पातेलं फक्त कपासाठी बाजूला काढलं. पाळीच्या आधी आणि नंतर, कप बुडेल एवढ्या पाण्यात पाचेक मिनिटं उकळायचा. पाणी आटू द्यायचं नाही, तळाला लागला की सिलिकॉन गेलंच. पाळीत जास्तीत जास्त १२ तासांनी काढायचा, तोही हात धुऊन. बिनवासाचा सौम्य साबण पुरतो. फिनेल, जंतुनाशक अजिबात नको. काठाजवळची बारीक छिद्रं नीट मोकळी करायची, घाण तिथंच अडकते. पूर्ण कोरडा करून सुती पिशवीत ठेवायचा.

"सासूबाईंशी मी बोलू का?" म्हटलं. "नको, मीच सांगेन."

अजून सांगितलेलं नाही. पातेलं माझ्याकडेच आहे. महिन्यातून दोनदा ती चहाच्या निमित्तानं येते.