हलकी कॅसेट घेण्याआधी हब पाहा

माउंटन बाइकची कॅसेट हलकी करायची ती चाक चपळ फिरावं म्हणून नव्हे; तिची दातेरी चक्रं आसाजवळच असल्याने फिरण्याच्या जडत्वात फरक नगण्य पडतो. खरा लाभ मागच्या सस्पेन्शनला होतो, कारण कॅसेटचं वजन स्प्रिंगच्या खाली, चाकासोबत उसळतं. मागे सस्पेन्शन नसलेल्या हार्डटेलवाल्यांनी म्हणूनच पैसे आधी टायरवर घालावेत. स्रॅमची १२ चक्रांची एनएक्स ईगल सुमारे ६१५ ग्रॅमची, जीएक्स सुमारे ४५० ग्रॅमची. मात्र एनएक्स शिमानोच्या जुन्या एचजी फ्रीहबवर बसते, जीएक्सला एक्सडी फ्रीहब लागतो. तो बदलण्याचा खर्चही धरा. हलक्या कॅसेटमधलं अ‍ॅल्युमिनियम लवकर झिजतं हा आक्षेप रास्तच, पण जीएक्समध्ये ते सर्वांत मोठ्या चक्रापुरतंच आहे. सतत खडा चढ चढणाऱ्यांचं मात्र नेमकं तेच चक्र झिजतं. त्यांनी वजन सोसून पोलादी घ्यावी.