प्रकाशाची एकतानता

मनुष्याने प्रकाश निर्माण करण्याची विद्या इतिहासपूर्व काळीच हस्तगत केली. परंतु निर्माण केलेल्या प्रकाशाला वळण लावणे त्याला विसाव्या शतकाचा मध्य उलटेपर्यंत साधले नाही. पणतीची ज्योत असो, कंदिलाची वात असो, की विजेचा दिवा असो, त्यातील असंख्य अणू आपापल्या वेळी, आपापल्या दिशेने आणि निरनिराळ्या तरंगलांबीचा प्रकाश बाहेर टाकीत असतात, आणि म्हणून तो प्रकाश उगमापासून थोडा दूर जातो न जातो तोच विखरून क्षीण होतो. जत्रेच्या मैदानात लोटलेली गर्दी आणि त्याच मैदानातून हलगीच्या ठेक्यावर एका पावलाने पुढे सरकणारे लेझीम पथक यांत जे अंतर, तेच दिव्याच्या आणि लेझरच्या प्रकाशात आहे. एक तरंगलांबी, एक दिशा आणि एक कला, म्हणजे तरंगांच्या चढउतारांची एकच लय, या तीन गुणांवाचून लेझरपाशी चौथे भांडवल नाही. परंतु कारखान्यातील पोलादापासून अंतराळातील कृष्णविवरांपर्यंत त्याचा जो संचार आज चालू आहे, तो सगळा या तुटपुंज्या भासणाऱ्या भांडवलावरच.

या सुव्यवस्थेचे बीज अल्बर्ट आइन्स्टाइन यांनी १९१७ साली पेरले. ऊर्जा साठवून बसलेल्या अणूजवळून योग्य ऊर्जेचा प्रकाशकण गेला, तर तो अणू आपली साठवण त्याच दिशेच्या, त्याच तरंगलांबीच्या आणि त्याच कलेच्या दुसऱ्या प्रकाशकणाच्या रूपाने मोकळी करतो, हा तो सिद्धान्त. या क्रियेस उद्दीपित उत्सर्जन म्हणतात. यातून एखादे उपकरण घडवावे असा हेतू त्यामागे नव्हता. अणू आणि प्रारण यांच्यातील समतोलाचा उलगडा व्हावा, एवढ्यासाठीच तो उद्योग होता. पुढे १९५४ साली चार्ल्स टाउन्स आणि त्यांचे सहकारी यांनी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात अमोनिया वायूच्या साहाय्याने सूक्ष्मतरंगांवर तो सिद्धान्त प्रत्यक्षात उतरविला, १९५८ साली टाउन्स आणि आर्थर शॉलो यांनी प्रकाशतरंगांसाठी त्याची मांडणी केली, आणि १६ मे १९६० रोजी कॅलिफोर्नियातील मॅलिबू येथे ह्यूज कंपनीच्या संशोधनशाळेत थिओडोर मेमन यांनी, कृत्रिम माणकाच्या लहानशा दांडीच्या टोकांना चांदीचा मुलामा देऊन आणि तिच्याभोवती छायाचित्रकारांच्या फ्लॅशचा सर्पिल दिवा बसवून, ६९४ नॅनोमीटर तरंगलांबीचा गडद तांबडा लेझर प्रकट केला. या शोधाचा वृत्तान्त 'फिजिकल रिव्ह्यू लेटर्स' या नियतकालिकाने साभार परत केला, आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तो 'नेचर'मध्ये छापून आला. उत्तर हाती आले आहे, आता त्याला साजेसा प्रश्न शोधावयाचा आहे, असे त्या काळी लेझरविषयी म्हटले जाई.

प्रश्न सापडण्यास मात्र फार दिवस लागले नाहीत, आणि त्या शोधातील एक अध्याय मराठी वाचकास विशेष जवळचा वाटावा असा आहे. १९३८ साली बारामती येथे जन्मलेले आणि पुण्याच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयातून १९५८ साली पदवी घेतलेले चंद्रकुमार नारणभाई पटेल हे स्टॅनफर्ड विद्यापीठातील अध्ययन संपवून १९६१ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत रुजू झाले. तोपर्यंतचे लेझर अणूंतील इलेक्ट्रॉनांच्या ऊर्जेवर चालत. पटेल यांनी रेणूंच्या कंपनांकडे लक्ष वळविले आणि १९६३-६४च्या सुमारास कार्बन डाय ऑक्साइड वायूपासून १०.६ मायक्रॉन तरंगलांबीचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त लेझर सिद्ध केला. या वायूत नायट्रोजन मिसळला असता विद्युत्प्रवाहाने उद्दीपित झालेले नायट्रोजनचे रेणू आपली कंपन-ऊर्जा टकरीसरशी कार्बन डाय ऑक्साइडच्या स्वाधीन करतात, कारण दोहोंच्या ऊर्जापातळ्या जवळजवळ जुळतात. त्यात हेलियमची भर पडली की उष्णतेचा निचरा होतो आणि लेझरचे बळ पुष्कळ वाढते. खर्ची पडलेल्या विजेचा एवढा मोठा हिस्सा प्रकाशाच्या रूपाने परत देणारा वायूचा लेझर तत्पूर्वी झाला नव्हता. शिवाय ही तरंगलांबी पाणी अधाशीपणे शोषून घेते आणि शरीरातील मऊ ऊती बहुतांशी पाण्याच्याच. त्यामुळे कापता कापता बारीक रक्तवाहिन्यांची तोंडे बंद करणारी एक नवी सुरी शल्यवैद्यांच्या हाती आली.

भोसरी, सातपूर किंवा वाळूज येथील एखाद्या कारखान्यात लेझरने पत्रा कापताना पाहावे, म्हणजे एकाग्रतेचा अर्थ लक्षात येतो. भिंगाने एका बिंदूत गोळा केलेला किरण पत्रा वितळवितो आणि त्याच तोटीतून सुटणारा नायट्रोजनचा किंवा ऑक्सिजनचा झोत तो रस खाली उडवून देतो. संगणकावर आराखडा बदलला की दुसऱ्या घाटाचा तुकडा कापला जाऊ लागतो, त्यासाठी वेगळी डाय घडवावी लागत नाही, आणि पात्याप्रमाणे धार बोथट होण्याचा सवालच उरत नाही. धातूंच्या कामात आता सुमारे एक मायक्रॉन तरंगलांबीच्या फायबर लेझरने पटेल यांच्या लेझरची जागा पुष्कळ अंशी घेतली आहे, कारण ती तरंगलांबी धातूच्या पृष्ठावरून कमी परावर्तित होते. लाकूड, कापड, कातडे आणि ॲक्रिलिक यांच्या बाबतीत मात्र जुनीच रीत चालू आहे. दिवाळीत बाजारात टांगलेले प्लायवूडचे जाळीदार आकाशकंदील बहुधा बारामतीत जन्मलेल्या त्या शास्त्रज्ञाच्याच लेझरने कोरलेले असतील.

ज्या किरणाने पोलाद कापावे त्याच जातीच्या किरणाने डोळ्यावर उपचार करावेत, हे वरवर पाहता विसंगत वाटते. २७ नोव्हेंबर १९८१ रोजी, आयबीएमच्या न्यूयॉर्क राज्यातील प्रयोगशाळेत, मद्रास येथे जन्मलेले रंगस्वामी श्रीनिवासन यांनी आदल्या दिवशीच्या सणाच्या जेवणातील टर्की पक्ष्याचे उरलेले अवशेष नेले आणि त्यांवर १९३ नॅनोमीटरचा जंबुपार लेझर टाकून पाहिला. तेव्हा कडा न जळता, न करपता, स्वच्छ काप मिळाले. या तरंगलांबीचा एकेक प्रकाशकण रेणूंचे बंध तोडण्याइतका समर्थ असतो, आणि सुटलेले द्रव्य उष्णता पसरण्यापूर्वीच उडून जाते. श्रीनिवासन, जेम्स वाइन आणि सॅम्युअल ब्लम यांच्या या कार्यातून बुबुळावरील पारदर्शक पटलाला नवा बाक देऊन चष्मा घालविणाऱ्या शस्त्रक्रियेचा मार्ग खुला झाला. आपल्याकडे मोतीबिंदूही 'लेझरने काढला' असे सर्रास म्हणतात; परंतु बहुतेक शस्त्रक्रियांत ते काम श्राव्यातीत ध्वनीच्या कंपनांनी होते. लेझरची पाळी येते ती नंतर, कृत्रिम भिंगामागचा पडदा काही महिन्यांनी वा वर्षांनी गढूळ झाला तर. तेव्हा टाका न घालता, काही मिनिटांत, त्या पडद्याला झरोका पाडता येतो.

दळणवळणाच्या क्षेत्रातील क्रांती इतकी अंगवळणी पडली आहे की तिचा उल्लेख संक्षेपाने करावा. १९६२ साली अमेरिकेत अर्धवाहकाचा लेझर अवतरला, १९६४ साली तुर्भे येथील अणुशक्ती केंद्रात गॅलियम आर्सेनाइडचा लेझर तयार झाला, आणि १९७० साली प्रकाश दूरवर नेऊ शकेल इतकी निर्मळ काचतंतूची जात कॉर्निंग कंपनीने निर्माण केली. दूरध्वनीवरील संभाषण आणि आंतरजालावरील चित्र आज समुद्रतळावरून जाते ते लेझर आणि काचतंतू या दोहोंच्या संयोगाने. दिशा सोडावयाची नाही, हा लेझरचा गुण पंजाब-हरियाणातील शेतकऱ्यांनीही कामी लावला आहे. शेतातील तिकाटण्यावर फिरणारा लेझर जमिनीवर एक अदृश्य समतल आखतो, ट्रॅक्टरमागील पात्यावरच्या खांबाला बसविलेला ग्राहक तो टिपतो, आणि उंचवटा आला की पाते आपोआप खाली उतरून माती खरवडते, खळगा आला की वर उचलले जाऊन तिथे ती सोडते. जमीन अशी सपाट झाली म्हणजे भाताला दिलेले पाणी सर्वत्र सारखे पोहोचते आणि पाण्याची मोठी बचत होते.

तोच गुण चंद्रापर्यंतही पुरतो. १९६९ साली अपोलो ११च्या अंतराळवीरांनी चंद्रावर ठेवलेल्या परावर्तकांवरून परतणारा किरण सुमारे अडीच सेकंदांत जाऊन येतो, आणि अशाच मोजमापांतून चंद्र दरवर्षी ३.८ सेंटिमीटर दूर सरतो आहे हे सिद्ध झाले. २३ ऑगस्ट २०२३ रोजी चांद्रयान-३ उतरल्यावर 'प्रज्ञान' गाडीने चंद्राच्या मातीवर लेझरचे स्पंद मारले. त्या आघाताने मातीच्या कणाची तप्त आयनीभूत वाफ झाली, तिच्या प्रकाशातील रंगरेषांचे वाचन झाले, आणि दक्षिण ध्रुवाजवळील त्या भूमीत गंधक असल्याचा पुरावा हाती आला.

एकतानतेची पराकाष्ठा मात्र गुरुत्वीय तरंग टिपणाऱ्या लायगो वेधशाळेत झाली आहे. काटकोनात पसरलेल्या चार-चार किलोमीटर लांबीच्या दोन नळ्यांत एकाच लेझरचे दोन भाग धाडून ते परत एकत्र आणले असता, दोहोंच्या मार्गांत अणुमात्र फरक पडला तरी तरंगांची जुळणी बिघडते आणि प्रकाशाची तीव्रता बदलते. १४ सप्टेंबर २०१५ रोजी, सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षे दूर दोन कृष्णविवरांच्या मीलनातून निघालेल्या गुरुत्वीय तरंगाने त्या नळ्यांच्या लांबीत घडविलेला, प्रोटॉनच्या व्यासाच्या शतांशाहूनही लहान असा फेरफार या पद्धतीने टिपला गेला. अशीच वेधशाळा आता हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथच्या परिसरात उभी राहावयाची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये सुमारे २६०० कोटी रुपयांच्या खर्चास मंजुरी दिली असून पुण्याची आयुका ही संस्था तिच्या उभारणीतील एक भागीदार आहे.

हे सारे वैभव सांगताना एका अनर्थाविषयी मौन बाळगणे अपराध ठरेल. मिरवणुकीत गर्दीवर सोडले जाणारे तीव्र लेझर झोत हे शोभेचे दिवे नव्हेत. समांतर आलेला किरण डोळ्यातील भिंग दृष्टिपटलावरील सूक्ष्म बिंदूत गोळा करते. तेथे वेदनेची जाणीव नसल्याने भाजले हे कळत नाही, कळते ते समोरचे दिसेनासे झाल्यावर. नेत्रवैद्य याच क्रियेने मधुमेही रुग्णाच्या पाझरणाऱ्या रक्तवाहिन्या मोजूनमापून बंद करतात. बेफिकीर हाती तीच क्रिया दृष्टी हिरावून घेते. नाशिक आणि कोल्हापूर येथे गणेश विसर्जनानंतर तरुणांच्या डोळ्यांना झालेल्या इजांचे वृत्तान्त प्रसिद्ध झाले आहेत, पुण्यासारख्या शहरात पोलिसांनी मनाई हुकूमही काढले आहेत. परंतु हुकमाची तामिली केवळ शिपायाच्या दंडुक्याने होत नसते, त्यासाठी किरणाचा स्वभाव लोकांस ठाऊक असावा लागतो.

तो ठाऊक करून देण्यास मोठी सामग्री लागत नाही. अल्प शक्तीचा तांबडा लेझर, एक जुनी सीडी, भिंत आणि मोजपट्टी एवढ्यावर, शिक्षकांच्या देखरेखीखाली आणि किरण कोणाच्याही डोळ्याकडे न वळविता, शाळकरी मुले प्रकाशाची तरंगलांबी स्वतः काढू शकतात. सीडीवरील रेषांमधील अंतर १.६ मायक्रॉन असते, परावर्तित ठिपक्यांचा कोन मोजावयाचा आणि त्रिकोणमितीचे एक सूत्र लावावयाचे. आइन्स्टाइन यांनी नफ्याचा हिशेब न मांडता केलेले चिंतन त्रेचाळीस वर्षांनी माणकातून प्रकट झाले. ज्ञानाला इतका अवकाश देणारा समाजच त्याची फळे हक्काने भोगू शकतो. औंढ्याची वेधशाळा कार्यान्वित होईल तेव्हा मराठवाड्यातील मुले तिच्या कुंपणाबाहेरचे प्रेक्षक राहावयाची नसतील, तर तेथील शाळांतील प्रयोगाच्या कपाटांची कुलुपे आजच काढली पाहिजेत.